मास्तरांच्या गादीवरचा संगीतकार

बारा मात्रा धरा. पण एकतालासारख्या दोन-दोनच्या सहा जोड्या नकोत. दोन, दोन, दोन आणि मग तीन, तीन. मांडीवर हात मारून पाहिलं तर पहिल्या तीन जोड्यांना झपझप पावलं पडतात आणि सातव्या मात्रेपासून एकदम ऐसपैस गिरकी मिळते. ती पुरी होते न होते तोच पुन्हा दोनाची घाई. या नाचाला चेक लोक 'फुरियांत' म्हणतात. चेकियाचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे बोहेमिया; तिथल्या खेड्यांतलं त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका तोऱ्यातल्या शेतकऱ्यावर आहे: शेतकरी, शेतकरी, शेतकरी, पुन्हा एकदा शेतकरी, केवढा मोठा माणूस! पोटावर पट्टा मिरवतो, कातडी कोटावर ट्यूलिप मिरवतो. 'सेडलाक' म्हणजे शेतकरी. तो शब्द पहिल्या तीन जोड्यांवर तीनदा आदळतो आणि गड्याचा माज चालीतच उभा राहतो. चेक संगीतकार स्मेतानाने हे गाणं आपल्या ऑपेरात घेतलं आणि 1878 मध्ये द्वोर्झाकने आपल्या स्लाव्हिक नृत्यांचा नारळ फुरियांतनेच फोडला.

फुरियांतचा हिशेब निदान ठरलेला असतो. पश्चिम आणि दक्षिण बोहेमियात नाचगाण्यांची आणखी एक जात आहे. त्यांत दोनाचं माप कधी संपेल आणि तीनाचं कधी लागेल, हे प्रत्येक गाण्यात वेगळं. सीमेपलीकडे बव्हेरियातही हाच प्रकार नाचतात. नवख्याचा पाय चुकावा आणि बाकीच्यांनी हसावं, हीच त्यातली गंमत. आमच्या घरी मी हे सम पकडण्याचे उद्योग करत बसले की मुलगा शेजारच्या खोलीत निघून जातो.

या नादाला मी लागले ती यारोस्लाव कर्चेक या चेक संगीतकारामुळे. काळा घोड्याचं रिदम हाऊस चालू होतं तेव्हा तिथे नॅक्सॉसच्या स्वस्त सीड्यांचा एक कप्पा असायचा. महागड्या पिवळ्या लेबलांवरून नुसती नजर फिरवायची आणि नॅक्सॉस घेऊन घरी यायचं, हा आमच्यासारख्यांचा शिरस्ता. कोरेल्लीच्या कोंचेर्टो ग्रोसोंची सीडी अशीच आली. वाद्यवृंद ब्रातिस्लाव्हाचा कापेल्ला इस्त्रोपोलिताना, संचालक यारोस्लाव कर्चेक. कोरेल्ली म्हणजे सतराव्या शतकाच्या शेवटाचा इटालियन, घडी न मोडलेल्या धोतरासारखा नीटनेटका. ही मंडळी मात्र त्याच्या वेगवान भागांत जमिनीवर पाय आपटल्यासारखी वाजवत होती. संचालकाच्या नावाकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही. पुढे यूट्यूबवर चेक नाताळगीतं ऐकताना तेच नाव पुन्हा दिसलं, आता संगीतरचनाकार म्हणून, आणि मग त्या पाय आपटण्याचा उलगडा झाला.

कर्चेकचा जन्म 22 एप्रिल 1939 चा, दक्षिण बोहेमियातल्या चेस्के बुद्येयोवित्सेचा. त्याआधी जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी, 15 मार्चला, हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं होतं. त्याने आधी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, मग प्रागच्या कॉन्झर्व्हेटरीत संगीतरचना आणि संचालन. चरित्राच्या टिपणांत हे अध्यापनाचं वाक्य सगळे उडत उडत वाचून पुढे जातात. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण चेक संगीताची मुळं शाळामास्तरांच्या घरात आहेत.

अठराव्या शतकात तिथल्या गावच्या मास्तराला 'कांटोर' म्हणत. आठवडाभर मुलांना लिहा-वाचायला शिकवायचं, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, सण आला की नवी रचना लिहून काढायची, आणि ती गाणारी-वाजवणारी पोरंही त्याच्याच वर्गातली. पगार बेताचा, म्हणून लग्नाकार्यातही वाजवायचं. चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीत-इतिहासकार 1772 मध्ये या भागातून गेला. चास्लाव नावाच्या गावात तो शाळेत डोकावला तर सहा ते दहा-अकरा वर्षांची मुलं-मुली वाचतायत, लिहितायत, व्हायोलिन, ओबो, बॅसून वाजवतायत. ऑर्गनवाल्याच्या घरी गेला तर एका लहानशा खोलीत चार क्लाविकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं, आणि चारही वाद्यांवर एकाच वेळी पोरांचा रियाज चालू. त्या खोलीतला कल्लोळ मी मनातल्या मनात बऱ्याचदा ऐकते. क्लाविकॉर्डचा आवाज अगदी नाजूक असतो हे खरं, पण चार म्हणजे चारच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चच्या शाळांतला मेस्त हेच करत होता: पोरांना स्वरलिपी डोळ्यांनी वाचायला लावायची, हातात व्हायोलिन द्यायचं, रविवारी चर्चच्या माळ्यावर उभं करायचं. आमच्या इमारतीतले एक अंकल सासष्टीत असं शिकलेले. त्यांचं म्हणणं, 'मेस्ताची छडी आधी लागायची, सूर मागाहून.' त्या शाळांतून निघालेली मंडळी पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आली. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा अरेंजरांनी हिंदी सिनेमाची गाणी वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवली. संगीतकाराने पेटीवर दिलेल्या चालीखाली काय वाजायचं, मधल्या जागेत व्हायोलिनं कुठे उठायची, हे सगळं त्यांच्या पेन्सिलीचं काम. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं फारशी दिसत नाहीत.

हे आठवायचं कारण असं की कर्चेकलाही त्याच्या देशात बरेच लोक 'लोकगीतांचं संयोजन करणारा' म्हणून ओळखतात, आणि त्या ओळखीत थोडी पाठीवर थाप असते, थोडं नाक मुरडणंही. संयोजन म्हणजे दुय्यम काम: गाणं लोकांचं, ह्याने फक्त त्याला कपडे चढवले. मला हे पटत नाही, आणि चेक लोकगीतांच्या बाबतीत तर मुळीच पटत नाही.

त्यासाठी ही गाणी कुठून आली ते पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात दोन मोठे संग्रह झाले. बोहेमियाची गाणी कारेल यारोमीर एर्बेनने जमवली. तो प्रागचा अभिलेखपाल होता आणि कवीही. मोराव्हियाची गाणी फ्रांतिशेक सुशिल या धर्मगुरूने, तीही दोन हजारांवर. दोन्ही संग्रहांतल्या चालींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वेकडची, मोराव्हियातली गाणी बोलण्याच्या ओघात चालतात, लांबतात, थांबतात. त्यांत मधूनच तीव्र मध्यम डोकावतो आणि सूर कुठल्या कुठे सरकतो. पश्चिमेकडची, बोहेमियातली गाणी नाचावर बेतलेली. चार-चार मापांच्या ओळी, बहुतेक मेजर सप्तक, खाली कुठले स्वरमेळ येणार ते ऐकणाऱ्यालाही आधीच कळावं अशी.

विसाव्या शतकाचा जीव साहजिकच पूर्वेवर जडला. लेओश यानाचेक स्वतः मोराव्हियातल्या कांटोरांच्या घरातला. बाप मास्तर, आजोबा मास्तर. फ्रांतिशेक बार्तोशबरोबर त्याने गावोगाव गाणी गोळा केली, 1909 पासून त्याच्या पुढाकाराने एडिसनचा फोनोग्राफ खेड्यांत फिरू लागला आणि मेणाच्या नळकांड्यांवर म्हाताऱ्या बायकांचे आवाज उतरले. यानाचेक तर बाजारातल्या माणसांची बोलणीही स्वरलिपीत टिपून ठेवायचा. त्याच्या ऑपेरांतली माणसं जशी गातात त्याचं मूळ तिथे आहे. त्याच्यापुढे बोहेमियाची नाचरी गाणी म्हणजे सोज्वळ, ठरीव, 'फार काही सापडण्यासारखं नाही' अशी मानली गेली. त्यातली कितीतरी मुळात कांटोरांनीच रचलेली, नाहीतर पलटणीच्या बँडमधून गावात परतलेली. अस्सल लोकसंगीत शोधणाऱ्याला ही भेसळ वाटते.

कर्चेकने मुख्यतः ही भेसळच जवळ केली. माझ्या मते त्याची खरी सूज्ञता इथे आहे. बोहेमियात लोकगीत आणि अभिजात संगीत यांच्यात भिंत अशी नव्हतीच. चर्चच्या माळ्यावर सकाळची मिसा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, वाजवणारा माणूस रात्री त्याच गावात लग्नात वाजवत होता. त्याने ऐकलेल्या बरोक, म्हणजे कोरेल्लीच्या काळातल्या, रचना नाचगाण्यांत झिरपल्या, नाचगाणी मिसेत झिरपली. म्हणजे 'लोकसंगीतावरून प्रेरणा घेतलेला अभिजात संगीतकार' हे जे आपण सहज लिहितो, त्यात शहरातला शिकलेला माणूस खाली वाकून खेड्यातलं फूल उचलतो असं चित्र असतं. इथे ते लागू पडत नाही. ते फूल लावणाऱ्यांतलाच एक स्वरलिपी जाणणारा होता.

आता 1948 नंतरचं थोडं. सत्ता कम्युनिस्टांकडे गेली आणि लोकसंगीत सरकारी कामाला जुंपलं गेलं. सोव्हिएत नमुन्यावर मोठमोठी गाण्या-नाचाची पथकं निघाली. शंभर माणसं, एकसारखे इस्त्रीचे पोशाख, एकसारखं हसू, एकसारखी उडी. त्या पथकांतही जातिवंत कलावंत होते, पण बहुतेक वेळा दिसायची ती शेतकऱ्याची सुखी आवृत्ती. पट्ट्यावर हात ठेवून माज करणारा 'सेडलाक' तर तोवर सामूहिक शेतीच्या मोहिमेत शत्रू ठरवला गेलेला, आणि रंगमंचावर मात्र त्याचाच नाच चालू.

या पार्श्वभूमीवर 1967 मध्ये नृत्यदिग्दर्शिका आलेना स्कालोव्हा आणि कर्चेक यांनी प्रागमध्ये 'कोरेआ बोहेमिका' हे पथक काढलं. पथक लहान, आणि त्यात लोकनृत्याबरोबर मध्ययुगीन खेळ, सोंगं, बरोक काळातली भाबडी धार्मिक नाट्यं असं बरंच काही. त्यांच्या नाचांत थट्टा होती, थोडा आचरटपणाही होता, म्हणजे खेड्यातल्या नाचात असायला हवं ते सगळं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले. पथक टिकलं. सत्तरच्या दशकात कर्चेकने त्यातून स्वतःचा 'मुझिका बोहेमिका' हा छोटा वाद्यवृंद उभा केला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचं संचालन केलं.

त्या आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहिते. पाया तंतुवाद्यांचा, व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत, आणि त्यांत जुनी गावठी वाद्यं मिसळलेली. त्यांतलं मला सगळ्यात आवडतं ते 'दुडी', म्हणजे बोहेमियाची बॅगपाइप. स्कॉटिश बॅगपाइपसारखं यात तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली एक छोटा भाता असतो, तो दाबत राहायचा. चामडी थैलीच्या तोंडाशी बहुतेक वेळा लाकडात कोरलेलं बोकडाचं डोकं. एक नळी चाल वाजवते आणि दुसरी, खांद्यावरून मागे जाणारी, एकच खालचा सूर अखंड धरून ठेवते. पश्चिमेच्या खोद्स्को भागात या दुडीच्या जोडीला लहान क्लॅरिनेट आणि व्हायोलिन असतं, आणि एवढ्या तीन वाद्यांवर आख्खं लग्न निघतं. गाणं कितीही पळालं, हसलं, मापं बदलत नाचलं तरी खालचा सूर हलत नाही.

गोम अशी की युरोपीय वाद्यवृंदाला हा न हलणारा सूर फारसा मानवत नाही. त्याचं व्याकरण स्वरमेळांच्या बदलावर उभं आहे, खालचा स्वर हलला तरच गाडी पुढे जाते. त्यामुळे बहुतेक संयोजक काय करतात, तर लोकगीताखाली भराभर स्वरमेळ बदलत जातात, व्हायोलिनांची साय पसरतात आणि गाणं गोडमिट्ट करून टाकतात. कर्चेकच्या चांगल्या कामांत हा मोह आवरलेला ऐकू येतो. चेलो आणि बास तो कितीतरी वेळ एका जागी बसवून ठेवतो, रिकामे पंचम वाजू देतो. वरची चाल मग आपोआप धारदार होते. तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला यात घरच्यासारखं वाटतं, हे सांगायला नकोच.

दुसरी अडचण कडव्यांची. नाताळची गाणी, 'कोलेडा', ही दारोदार फिरून गायची. आठ-आठ, दहा-दहा कडवी, चाल तीच. मैफलीत ऐकणाऱ्याला चौथ्या कडव्याला घड्याळ दिसायला लागतं. सिंफनीचा शिकलेला संगीतकार इथे चालीचे तुकडे करून त्यांचा विस्तार करेल, पण तसं केलं की ते गाणं उरत नाही. कर्चेक चाल अखंड ठेवतो आणि तिच्या भोवतीची माणसं बदलतो. एक कडवं एकटा आवाज, पुढचं दोन बासऱ्या, मग सगळे एकदम, मग अचानक नुसता ढोल आणि बायकांचे आवाज. 'फानफ्रनॉख' नावाचं एक अफलातून वाद्य आहे: मडक्यावर कातडं ताणलेलं, त्यातून घोड्याच्या केसांची शेपटी निघालेली. ओल्या हाताने ती ओढली की बेडूक आणि अस्वल यांच्या मधला आवाज येतो. हे वाद्य दारात उभं राहून खाऊ मागणाऱ्यांचं. वाद्यवृंदात ते आलं की त्याच्याबरोबर चिखलाचे बूटही आत येतात. कर्चेक स्वतः वाद्यं तयारही करतो, तेव्हा अशा आवाजांची त्याला भीती नसावी यात नवल नाही.

हे सगळं वाचून तो जुन्याच्या प्रेमात बुडालेला भाबडा माणूस वाटेल. तसा तो नाही. कॉन्झर्व्हेटरीत त्याचा गुरू मिलोस्लाव काबेलाच. आठ सिंफन्या लिहिणारा, युरोपाबाहेरच्या संगीताचा कसून अभ्यास करणारा, कठोर शिस्तीचा माणूस. तालवाद्यांसाठीच्या त्याच्या 'आठ इन्व्हेन्शन' स्ट्रासबर्गच्या तालवादकांनी जगभर नेल्या. 1968 नंतर त्याच्या संगीताला मायदेशात जागा उरली नाही. आठवी सिंफनी 1971 मध्ये स्ट्रासबर्गला पहिल्यांदा वाजली. नाझींच्या काळात ज्यू बायकोला सोडायला नकार दिला म्हणून रेडिओची नोकरी गमावलेला हाच माणूस. त्याच्या हाताखाली शिकून कर्चेक प्लझेनच्या रेडिओत गेला. तिथे झ्देन्येक लुकाश आणि यान मालेक हे काबेलाचचेच आणखी दोन शिष्य, दोघेही लोकगीतांचे वेडे, आणि गंमत म्हणजे हे तिघेही इलेक्ट्रॉनिक संगीताच्याही मागे. मग सुप्राफोन या ध्वनिमुद्रण कंपनीत काम. बायबलमधल्या यरीहोच्या वेश्येवर त्याने एक ऑपेरा लिहिला, 'राब', तो इलेक्ट्रोअकूस्टिक आहे, म्हणजे टेपवर घडवलेल्या आवाजांचा. दुडी आणि टेप, दोन्ही एकाच माणसाची. खेड्यातला आवाज 'आवाज' म्हणून ऐकायचा कान त्याला स्टुडिओने दिला असावा, असा माझा तर्क.

बोहेमियाचा एक माणूस उलट दिशेनेही आला होता. वॉल्टर काउफमान, 1907 मध्ये कार्लोव्ही व्हारीत जन्मलेला जर्मनभाषक ज्यू, संगीतकार आणि संचालक. प्रागमध्ये शिकून 1934 मध्ये तो मुंबईत उतरला, इथल्या आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं, रागसंगीत शिकला. पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती व्हायोलिन-तानपुऱ्याची धून त्याचीच म्हणून सांगतात. खाली तानपुरा हलत नाही, वर व्हायोलिन शिवरंजनीच्या अंगाने जातं. त्या धुनेत काउफमाननेही खालचा सूर जागचा हलवला नाही.

सगळंच कौतुक करावं असं मात्र नाही. कर्चेकची काही ध्वनिमुद्रणं मला नको इतकी गुळगुळीत वाटतात. वादक फार तयारीचे, सूर फार नेमके, फुरियांत असा चकचकीत की त्यात कुणाचा पाय चुकणं शक्यच नाही. 'जुन्या धाटणीतले तीन नाच' ही त्याची तंतुवाद्यांसाठीची रचना लोकप्रिय आहे, ऐकायला झकासही आहे, पण दोन-तीनदा ऐकल्यावर तिच्यात नवं सापडत नाही. अशा वेळी मी मोराव्हियाकडे वळते. उहेर्स्के ह्रादिश्त्येचं 'ह्रादिश्तान' हे पथक 1950 चं, आणि 1978 पासून यिर्झी पाव्लित्सा त्याचा प्रमुख आहे. तोही व्हायोलिनवादक, रीतसर शिकलेला संगीतकार, पण तो काठी हातात न घेता व्हायोलिन घेऊन सगळ्यांमध्ये उभा राहतो, आणि त्याचं पथक गाताना श्वास ऐकू येतात. यान स्कात्सेल या कवीच्या कवितांना त्याने लावलेल्या चाली ऐकून मी चेक भाषेचा ओ की ठो कळत नसतानाही तो आल्बम पुन्हा पुन्हा लावला आहे. पाव्लित्साच्या मोठ्या, समूहगान-वाद्यवृंदाच्या रचना मात्र मला पसरट वाटतात. तिथे कर्चेक सरस, कारण त्याला काबेलाचची शिस्त आहे आणि कुठे थांबायचं ते कळतं.

आमच्या ओळखीत समूहगान बसवणारा एक मित्र आहे. त्याचं मत असं की हे सगळं शेवटी नाताळच्या बाजारासाठी. डिसेंबर आला की मुझिका बोहेमिकासारखे सगळे कोलेडा गायला बाहेर पडतात, तिकिटं खपतात, जानेवारीत सामसूम. असेल. पण मग याकुब यान रिबाचं काय करायचं? हाही कांटोर, रोझ्मिताल गावचा. 1796 मध्ये त्याने आपल्या शाळेतल्या पोरांच्या नि गावकऱ्यांच्या बळावर नाताळची मिसा लिहिली, लॅटिन सोडून चेकमध्ये. तिची सुरुवात 'हे प्रभो' अशी होत नाही. एक पोरगा गुराखी आपल्या धन्याला हलवून उठवतो, अहो मालक, उठा लवकर, बाहेर काहीतरी भलतंच उजाडलंय! येशू जन्मतो तो जणू बोहेमियातल्याच एखाद्या गावाच्या शिवारात. रिबाचं पुढचं आयुष्य दारिद्र्यात आणि वरिष्ठांशी भांडण्यात गेलं. 1815 मध्ये गावाबाहेरच्या रानात त्याने ते संपवलं. त्याची मिसाही डिसेंबरच्या गरजेपोटी लिहिलेली, मास्तरकीतलं एक हंगामी काम. चेकियात 2021 च्या जनगणनेत निम्म्याच्या आसपास लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं नोंदवलं. त्याच देशात दर डिसेंबरला गावोगावची हौशी मंडळं ही मिसा बसवतात, आणि एरवी ओस असलेल्या चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही.